सहकुटुंब, सहपरिवार : एका कोरियन मालिकेच्या निमित्ताने

आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे' अशी एक ओळ हमखास असते. त्यातला 'सहकुटुंब' हा शब्द केव्हातरी चित्रपटांच्या जाहिरातींत शिरला, आणि 'सहकुटुंब पाहावा असा' हे कलाकृतीला मिळणारे एक प्रशस्तिपत्र होऊन बसले. हे प्रशस्तिपत्र देताना आपण नेमके काय तपासतो? चुंबन नाही ना, दारू नाही ना, अंगभर कपडे आहेत ना, एवढी तीन कलमे पाहिली की आपली परीक्षा संपते. मग एखाद्या मालिकेत जाऊ जावेच्या दुधात विष कालवत असली, सासू सुनेला जिन्यावरून ढकलत असली, आणि हे सारे सहा महिने चालत असले, तरी ती रात्रीच्या जेवणाच्या ताटासमोर खुशाल चालते. तिला कोणी 'अकौटुंबिक' म्हणत नाही. याउलट, दोन प्रौढ माणसे एकमेकांशी खरे बोलत आहेत आणि बोलता बोलता त्यांनी एकमेकांचा हात धरला, की घरातला कोणीतरी वडीलधारा खाकरतो, आणि आपण रिमोट शोधू लागतो.

हा विषय सुचण्याचे कारण म्हणजे कोरियन मालिका. गेल्या काही वर्षांत आपल्या महाविद्यालयात या मालिकांचे वेड किती पसरले आहे हे मी सांगायला नको. लेडीज रूममध्ये, कँटीनमध्ये, एस. टी. च्या रांगेत तोच विषय. याबद्दल आपल्या प्राध्यापकवर्गात आणि पालकांत साधारण दोन मते ऐकू येतात. एक मत असे की हे सारे थिल्लर आहे, गुळगुळीत चेहऱ्यांचा बाजार आहे. दुसरे मत असे की या मालिका हिंदी-इंग्रजीपेक्षा 'स्वच्छ' असतात, म्हणून मुलींनी पाहिल्या तरी बिघडत नाही. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. 'स्वच्छ' म्हणून पाठ थोपटणारे आणि 'थिल्लर' म्हणून नाक मुरडणारे, दोघेही कलाकृतीच्या आत शिरत नाहीत, उंबरठ्यावरूनच परततात. म्हणून प्रस्तुत लेखात मी सरसकट सर्व कोरियन मालिकांविषयी न बोलता एकाच मालिकेविषयी लिहिणार आहे आणि तिच्या आधारे 'सहकुटुंब' या शब्दाचा अर्थ तपासून पाहणार आहे.

ही मालिका म्हणजे 'वन स्प्रिंग नाईट'. मूळ कोरियन नावाचा अर्थ 'वसंतातील रात्र' असा होतो. २०१९ च्या मे ते जुलै या काळात ती दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर बुधवारी आणि गुरुवारी दाखवली गेली. नेटफ्लिक्समुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. दिग्दर्शक आन पान-सक आणि लेखिका किम उन या जोडीने त्याआधी २०१८ साली 'समथिंग इन द रेन' ही गाजलेली मालिका केली होती. 'वन स्प्रिंग नाईट'मध्ये हान जी-मिन आणि चंग हे-इन हे प्रमुख भूमिकांत आहेत. आपल्याला ती सोळा भागांची दिसते. एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एमबीसीने रात्री दहाच्या सुमारास लागणारी आपली मालिका याच मालिकेपासून नऊच्या सुमारास आणली. म्हणजे घरातली माणसे जागी असण्याची, एकत्र बसण्याची जी वेळ, त्या वेळेला ही मालिका कोरियन घरांत शिरली. तेव्हा ती 'सहकुटुंब' आहे की नाही हा प्रश्न मी उगाच उकरून काढलेला नाही.

कथानक थोडक्यात सांगतो. जंग-इन ही एका सार्वजनिक वाचनालयात काम करणारी, तिशी ओलांडलेली तरुणी. मैत्रिणीकडे रात्री मद्यपान झाले म्हणून सकाळी ती औषधाच्या दुकानात नशा उतरवण्याचे औषध घ्यायला जाते. औषध पिऊन झाल्यावर तिच्या ध्यानात येते की पैशाचे पाकीट जवळ नाही. दुकानातला औषधविक्रेता जी-हो पैशांसाठी अडवत नाही. या क्षुल्लक उधारीतून ओळख होते. पण जंग-इनचे चार वर्षांपासून गी-सक नावाच्या बँकेतील अधिकाऱ्याशी जमलेले आहे. लग्न होणार असे सगळे धरून चालले आहेत. आणि जी-हो हा एका लहान मुलाचा बाप आहे. त्याचे लग्न झालेले नाही. मुलाची आई बाळाला टाकून निघून गेली आहे, आणि मूल आजीआजोबांकडे वाढते आहे. ही गोष्ट तो लपवून ठेवीत नाही. ओळख वाढण्याच्या सुरुवातीलाच तो तिला सांगून टाकतो. ज्या गुपितावर आपले लेखक दोनशे भाग रेटतील, ते इथे पहिल्या काही भागांतच उघड होते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

मालिकेचे वास्तवदर्शी रूप मला इथेच दिसते. कोरियन मालिकांना जगभर पाय रोवून देणाऱ्या २००२ सालच्या 'विंटर सोनाटा'त अपघात आहे, स्मृतिभ्रंश आहे, जन्माचे रहस्य आहे. २००९ सालच्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये गरीब मुलगी आणि गर्भश्रीमंत मुलगा आहे. 'वन स्प्रिंग नाईट'मध्ये यातले काही नाही. कोणी आठवण हरवून बसत नाही. वाचनालयात पुस्तके लावायची आहेत, दुकानात चिठ्ठीप्रमाणे गोळ्या बांधायच्या आहेत, शनिवार-रविवारी मुलाला भेटायला जायचे आहे. कॅमेरा बरेचदा लांब उभा राहतो आणि माणसांना रस्त्याने चालू देतो. दोन माणसे फोनवर बोलतात, मध्येच गप्प होतात, आणि दिग्दर्शक त्या गप्प बसण्याला कात्री लावत नाही. आपल्याला सवय आहे ती एका वाक्यावर तीन चेहरे तीनदा दाखवण्याची; म्हणून सुरुवातीला ही मालिका संथ वाटते. पण माणसे जेव्हा अवघड गोष्ट बोलतात तेव्हा ती अशीच थांबत थांबत बोलतात.

आता कुटुंबाकडे येऊ. या मालिकेत प्रेमाच्या आड येतो तो खलनायक नाही. प्रेमाच्या आड येते ते कुटुंब, आणि तेही प्रेम करणारे कुटुंब. जंग-इनचे वडील शाळेचे मुख्याध्यापक आहेत. निवृत्ती जवळ आली आहे. ज्या संस्थेची ती शाळा, तिचे अध्यक्ष म्हणजे गी-सकचे वडील. तेव्हा हे लग्न झाले तर निवृत्तीनंतरही संस्थेत आपले स्थान राहील, मान राहील, असा वडिलांचा हिशेब आहे. ते दुष्ट नाहीत. आपण मुलीचे भलेच करतो आहोत अशी त्यांची खात्री आहे. फक्त मुलीचे भले आणि स्वतःची खुर्ची या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

हे पाहताना मला गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकाची आठवण झाली. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात कांचनभट पैशाच्या लोभाने आपल्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. जंग-इनचे वडील पैसे घेत नाहीत, आणि गी-सक तरुण आहे, देखणा आहे, बँकेत नोकरीला आहे. म्हणून तर हा कांचनभट ओळखायला अवघड! शंभराहून अधिक वर्षांत हुंड्याच्या, देजाच्या थैल्या कायद्याने बंद झाल्या असतील, पण 'स्थळ चांगले आहे' या तीन शब्दांत बापाचे किती हिशेब मावतात हे आपण आपल्या आजूबाजूला रोज पाहतो. कांचनभटाला हसणे सोपे होते. या मुख्याध्यापकांना हसता येत नाही, कारण ते आपल्या ओळखीचे वाटतात. आणि वडिलांच्या शेजारी बसून ही मालिका पाहिली तर, मला वाटते, वडिलांनाही ते ओळखीचे वाटतील.

मालिकेचा दुसरा धागा थोरल्या बहिणीचा, सो-इनचा. ती दूरचित्रवाणीवर निवेदिका आहे. हसतमुख, नीटनेटकी, घराचे नाव काढणारी. तिचा नवरा दंतवैद्य. बाहेरून पाहिले तर अशी सोयरीक मिळायला भाग्य लागते. आत मात्र नवरा तिला मारतो, तिच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर बळजबरी करतो. ती वेगळी राहू लागते, घटस्फोट मागते, आणि नेमक्या त्याच वेळी तिला दिवस राहिल्याचे कळते. आईवडिलांना ती हे सांगत नाही. का सांगत नाही? वडिलांच्या अभिमानाला तडा जाईल म्हणून. म्हणजे ज्या घराने तिला आधार द्यायचा, त्या घराची अब्रू तीच अंगावरच्या वळांनी सांभाळत बसली आहे.

मी ही मालिका सुट्टीत घरी, आई आणि आजीसोबत पाहिली. आजीला खालची अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. सो-इनच्या नवऱ्याने हात उचलला त्या प्रसंगी मी सांगायचा थांबलो; सांगण्यासारखे काही नव्हतेच. आजी म्हणाली, "अरे, ही माहेरी का नाही सांगत?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सांगितलं तर माहेरचे परत पाठवतात, म्हणून." आमच्या नात्यात एक मुलगी दोन वर्षांमागे मूल घेऊन माहेरी आली आहे, तिच्याविषयी आमच्या घरात 'ती आली आहे' याखेरीज एक शब्दही बोलला जात नसे. त्या रात्री बोलला गेला. आईने तिला दुसऱ्या दिवशी फोन केला. एवढेच झाले. कोणाचे आयुष्य बदलले असे मी म्हणणार नाही. पण कोण्या दूर देशातली, परक्या भाषेतली मालिका जर एका घरातले मौन मोडू शकत असेल, तर तिला 'सहकुटुंब' नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

या धाग्याला कायद्याचीही एक बाजू आहे, ती राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असा निवाडा दिला की एकत्र नांदत असलेल्या पत्नीवर पतीने केलेली बळजबरीसुद्धा बलात्कारच होय. आपल्याकडे भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ६३ व्या कलमात, पत्नी १८ वर्षांहून लहान नसेल तर पतीचे असे कृत्य बलात्कार ठरत नाही, हा जुना अपवाद कायम ठेवला आहे. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला संरक्षण मिळते, त्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. परंतु फौजदारी कायद्यातली ही फट उघडीच आहे. ज्या प्रश्नावर आपले वकील आणि न्यायाधीश वाद घालतात, तो प्रश्न घरातल्या माणसांनी ऐकूच नये, असे म्हणणे मला पटत नाही.

तिसरा धागा मुलाचा. जी-होचा मुलगा उन-ऊ हा हसरा, गोड मुलगा आहे. पण समाजाच्या दृष्टीने तो बापाच्या गळ्यातला धोंडा आहे. गी-सकला जेव्हा कळते की आपली जागा जी-हो घेतो आहे, तेव्हा त्याच्या हातात एकच हत्यार असते : 'त्याला मूल आहे.' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. सगळ्यांना समजते. इथे कोरियन समाजाची पार्श्वभूमी जाणून घेणे उपयोगी आहे. २०१८ साली त्या देशात जन्मलेल्या मुलांपैकी विवाहाबाहेर जन्मलेली मुले जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास होती. अविवाहित बापाला तर आपल्या मुलाची जन्मनोंद करणेसुद्धा फार कठीण होते. २०१५ साली कायदा बदलून, आईचे नाव व ओळखीचे तपशील माहीत नसल्यास बापाला न्यायालयामार्फत ती नोंद करण्याची वाट मोकळी झाली. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावाखाली सारे घर नोंदवण्याची जुनी पद्धत त्याआधी २००८ च्या आरंभी रद्द झाली होती. कायदा बदलला, पण शेजाऱ्यांची नजर कायद्याने बदलत नाही. गंमत अशी की याच २०१८ साली तिथला जननदर दर स्त्रीमागे एका मुलाच्याही खाली, ०.९८ वर, घसरला. मुले जन्माला येत नाहीत म्हणून सरकार चिंतेत, आणि जन्माला आलेल्या एका मुलाकडे समाज संशयाने पाहणार! ही विसंगती मालिकेत कोणी भाषण करून सांगत नाही. ती उन-ऊच्या आजीच्या चेहऱ्यावर दिसते. मुलाच्या आयुष्यात कोणी आले आहे हे कळताच या बाईला आनंद होतो आणि त्याच क्षणी भीती वाटते.

एका प्रसंगी जी-हो खूप पितो, आणि त्या अवस्थेत, तूही आम्हाला टाकून जाशील का, अशा अर्थाचे काहीतरी जंग-इनला विचारतो. 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणतो. बाप झालेल्या माणसाला प्रेमात एकट्यापुरते पडता येत नाही, हे सारे त्या एका सर्वनामात आले. आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिण्याचा नियम झाला. कागदावर आईला जागा मिळाली हे चांगलेच झाले. परंतु ज्या मुलाच्या घरी आई किंवा बाप यांपैकी एकच आहे, त्याला वर्गात कोणते प्रश्न विचारले जातात, हे आपल्यापैकी ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे आहे त्यांनी ही मालिका पाहून जरूर मनाशी तपासावे.

मराठी माणसाला या मालिकेत एक खास आनंद आहे, तो इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्याला पुरता मिळत नाही. कोरियन भाषेतही आपल्यासारखेच एकेरी आणि आदरार्थी बोलणे आहे. गी-सक चार वर्षांच्या हक्काने जंग-इनशी एकेरीत बोलतो. जी-हो आणि जंग-इन मात्र प्रेमात पडल्यावरही एकमेकांच्या नावापुढे आदराचा प्रत्यय लावतात. इंग्रजीत दोघांनाही 'यू'. आजीला सांगताना मी गी-सकच्या तोंडी 'तू' घातला आणि जी-होच्या तोंडी 'तुम्ही'. दोन भागांनंतर आजीने आपणहून निकाल दिला, "तो दुसरा बरा. अहो-जाहो करतो." मान देणे हा प्रेमाचा पाया आहे, हे तत्त्व सांगायला एवढे व्याकरण पुरेसे झाले.

आता आक्षेपांचा विचार करतो. पहिला आक्षेप नेहमीचा : मालिकेत चुंबने आहेत, मद्यपान आहे. आहेत. चुंबने थोडी आहेत आणि ती प्रौढ माणसांची आहेत. त्यांत बीभत्स काही नाही. मद्यपान मात्र खरोखरच फार आहे. सुखात पितात, दुःखात पितात, मैत्रिणीही पितात. तिथल्या समाजात ते जेवणाखाण्याइतके रूढ आहे हे खरे. पण प्रत्येक अडचणीवर बाटली उघडायची, ही सवय मला मालिकेचे भूषण वाटत नाही. ज्या घरात दारूने संसार पोळले आहेत, त्या घराला हे पाहताना त्रास होईल, आणि तो त्रास खोटा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो आमच्याच एका प्राध्यापकांनी बोलताना काढला : चार वर्षांचे नाते पुरते तोडण्याआधी दुसऱ्याकडे मन वळू देणारी नायिका आदर्श कशी? याचे उत्तर असे की ती आदर्श नाहीच. ती गोंधळते, टाळते, 'आपण मित्र राहू' अशी स्वतःची फसवणूक करते. तिचे लहानसे खोटे इतरांना किती महागात पडते हे मालिका दाखवते. पण त्याचबरोबर ती हेही दाखवते की नाते तोडायचे आहे असे तिने स्वच्छ सांगितल्यावरही गी-सक ते ऐकून घेत नाही. तो प्रेमाने नव्हे तर हरण्याच्या भीतीने लग्नाचा हट्ट धरतो, वडिलांचे वजन वापरतो, दडपण आणतो. मुलीचे 'नाही' हे उत्तर नसून वाटाघाटीची सुरुवात आहे असे समजणारे तरुण आपल्या कट्ट्यावरही कमी नाहीत. आदर्श नायिकेच्या गोष्टीतून आपण पूजा शिकतो, चुकणाऱ्या नायिकेच्या गोष्टीतून विचार करायला शिकतो. घरात दोन्ही हव्यात.

मालिकेत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. तीच ती इंग्रजी गाणी इतक्या वेळा वाजतात की शेवटी शेवटी कान किटतात. उत्तरार्धात तेच बोलणे पुन्हा पुन्हा घडते. गी-सकचे पात्र प्रारंभी गुंतागुंतीचे आहे. पुढे लेखिका त्याला फार काळे रंगवते. आणि जी-हो जरा अधिकच समंजस झाला आहे; असा पुरुष वास्तवात भेटला तर मुलींनी मला कळवावे! परंतु शेवट मला मनापासून आवडला. वडिलांचा ताठा उतरतो तो कोणा नायकाच्या भाषणाने नव्हे. त्यांच्या घरातल्या बायका, आई आणि तिन्ही मुली, एकमेकींच्या बाजूने उभ्या राहतात, म्हणून तो उतरतो. विशेषतः आई. तीस-पस्तीस वर्षे नवऱ्याची मर्जी सांभाळलेली ही बाई, मुलींचे दुःख कळल्यावर हळूहळू आपली जागा बदलते. आरडाओरडा न करता ती मुलींच्या बाजूला येऊन बसते.

मग ही मालिका कोणी पाहावी? सर्वांनी आणि केव्हाही, असे माझे म्हणणे नाही. भारतात २०२१ सालच्या नियमांनुसार अशा कार्यक्रमांना ७, १३, १६ आणि प्रौढ अशा वयाच्या खुणा लावाव्या लागतात. कोरियात दूरचित्रवाणीवर ७, १२, १५ आणि १९ अशा खुणा असतात. या खुणा उपयोगी आहेत. सो-इनवरच्या अत्याचाराचे प्रसंग लहान मुलांनी पाहण्याजोगे नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगतो. प्राथमिक शाळेतल्या भावंडांना झोपवूनच ही मालिका लावावी. पण खूण एवढेच सांगते की कोणी पाहू नये. कोणासोबत पाहावे हे ती सांगत नाही. माझ्या मते अकरावी-बारावीच्या पुढच्या मुलामुलींनी ही मालिका आईवडिलांसोबत पाहावी, आणि मुद्दाम वडिलांसोबत पाहावी. एकट्याने मोबाईलवर, कानात बोंडे घालून पाहिली तर ती फक्त एक गोड प्रेमकथा उरते. घरातल्या माणसांसोबत पाहिली तर ती त्या घराविषयी बोलू लागते.

'सहकुटुंब' या शब्दाची माझी व्याख्या आता सांगून टाकतो. जी कलाकृती पाहताना घरातल्या कोणालाही काहीच अवघड वाटत नाही, ती सहकुटुंब नव्हे. ती फक्त निरुपद्रवी. जी पाहताना अवघड वाटते, पण त्या अवघडलेपणातून बाप मुलीला, सासू सुनेला, आई मुलाला एखादा प्रश्न विचारू शकते, ती खरी सहकुटुंब. ही कसोटी लावली तर जेवणाच्या ताटासमोर चालणाऱ्या कित्येक मालिका नापास होतील, आणि ज्यांना पाहून वडीलधारे खाकरतात अशा काही उत्तीर्ण होतील.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येत्या चार-पाच वर्षांत लग्नाची बोलणी सुरू होतील. पत्रिका, पगार, शेती, फ्लॅट, सगळ्याची चौकशी होईल. मुलीला विचारले जाईल तेही बहुधा सगळे ठरल्यावर. त्याआधी घरात एकदा मोकळेपणाने बोलणे होणार असेल, तर त्याचे निमित्त कोरियन असले काय आणि मराठी असले काय! प्राध्यापकांना माझी विनंती आहे की वाङ्मय मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या चर्चासत्रात 'शारदा'च्या बरोबरीने या मालिकेवरही एक दुपार द्यावी. आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे : या सुट्टीत कानातली बोंडे काढून ठेवा. आवाज मोठा करा, आणि खालची अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत त्यांना ती मराठीत वाचून दाखवा.

— तृतीय वर्ष, कला